युद्ध वाढवा

युद्ध मिटलं असतं तर अध्यक्ष हरिपंत टिल्लूंच्या पदरात दोन गोष्टी पडणार होत्या: गरम आमटी आणि बायकोचं तोंड. देशाच्या पदरात काय पडणार, ते देशाने बघावं. युद्धाची आघाडी लांबली की हरिपंतांचं जेवायचं टेबल तेवढंच लांबायचं, आणि द्वारकाबाई बसायच्या त्या दुसऱ्या टोकाला.

पहिल्याच महिन्यात टेबल भिंतीतून बाहेर पडलं. अकराव्या वर्षी द्वारकाबाई दोन जिल्हे पलीकडे पोचल्या होत्या. त्या तिकडून आमटी सरकवत. ती इकडे यायला सहा दिवस लागत. वाटेत शिपाई चाखून बघत. मीठ बेताचं आहे का, ते फोनवर विचारावं लागे.

"अहो, मिटवा ना ते आता," त्या म्हणाल्या. "इथे टेबलावरून रणगाडे जातात. कोशिंबिरीत धूळ पडते."

"विचार चाललाय."

"अकरा वर्षं?"

विचार खरोखरच चालला होता. जिंकावं, तर टेबल शत्रूच्या राजधानीपर्यंत जाणार, आणि मग आमटीला महिना. तह करावा, तर टेबल मधोमध कापावं लागणार. सुतार येऊन मापही घेऊन गेला होता. "साहेब, बाईंची बाजू त्यांच्याकडे जाईल, चालेल ना?" असं त्याने जाताना सहज विचारलं होतं. हार पत्करावी, तर अध्यक्षांची खुर्ची जाणार आणि स्वयंपाकघरात पाटावर बसावं लागणार. पण चूल तिथून दोन हातांवर. या तिसऱ्या पर्यायावर हरिपंत एक अख्खा पावसाळा रेंगाळले.

शेवटी एका दुपारी त्यांनी ठरवलं, हार नको, जीत नको. दुकानाचं करतात तसं सरळ आवरून टाकायचं. टिल्लूंचं तीन पिढ्यांचं कापडाचं दुकान. फळ्या लावताना 'बंद' हा शब्द त्या घरात कुणी उच्चारलेला नाही. अशुभ. दुकान वाढवायचं, नारळ वाढवायचा. बांगडीसुद्धा त्या घरात फुटली नाही कधी, वाढली.

सेनापती दळवी शेजारच्याच खुर्चीत होते. हरिपंत घसा खाकरून म्हणाले, "दळवी, युद्ध वाढवा."

दळवींचा जन्म छावणीतला. छावणीत वाढवा म्हणजे वाढवा. त्यांनी सलाम ठोकला.

तासाभरात फोन आला. "अहो, मी सरहद्द ओलांडली. शेजारी त्यांचे अध्यक्ष बसलेत. चांगले आहेत हो. दुसऱ्यांदा भात मागून घेतला."

हरिपंतांचे कान तापले. "दळवी! मी वाढवा म्हणालो होतो!"

"वाढवलं, साहेब. चाळीस कोस."

"तसं नाही हो! दुकान वाढवतात तसं!"

दळवींनी विचार केला. "म्हणजे दुसरी शाखा काढू?"

एवढ्यात आचारी भिकोबा भाताचं पातेलं घेऊन आत आला. "साहेब, वाढू?"

"खबरदार!" हरिपंत किंचाळले.

पण सवयीप्रमाणे दळवी तोवर उठून सलाम ठोकून बसले होते. टेबल आणखी दोन कोस गेलं. फोनवर द्वारकाबाईंचा आवाज बारीक झाला. त्या काय म्हणाल्या ते कळलं नाही. मागे कुणीतरी ढेकर दिलेला मात्र स्वच्छ ऐकू आला.

तेव्हा हरिपंतांनी डोळे मिटले, आणि तीन पिढ्यांत कुणी म्हटलं नव्हतं ते म्हणून टाकलं.

"संपलं. बंद."

टेबल आखडू लागलं. दोन देशांतून ते परत आत येत होतं, आणि त्यावर जे जे सांडलं होतं ते झाडूने लोटावं तसं हरिपंतांच्या पानाकडे सरकत होतं. आधी मिठाच्या वाट्या आल्या. मग बूट. मग बांगड्यांचे तुकडे, हिरवे, एकसारखे येतच राहिले. भिंत सांधली गेली. टेबल चार फूट उरलं आणि तुकड्यांचा ढीग छताला टेकला.

ढिगामागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"आलीस?"

"आले."

"दिसत नाहीस."

"तुम्हीपण नाही."

हरिपंतांनी दळवींकडे बघितलं. "किती आहेत?"

"एक लाख बारा हजार हातांच्या, साहेब. दोन्हीकडच्या धरून. वाढलेल्या."

"म्हणजे घरं छप्पन्न हजार," हरिपंत पुटपुटले. दुकानदाराच्या घरात भागाकार आपोआप होतो. मग त्यांनी हळूच आपल्या मनगटावरची नाडी चाचपली. "अगं, तुझ्या शाबूत आहेत ना?"

"हात ढिगात आहेत. दिसत नाहीत मला." पलीकडे झाकण वाजलं. "वाढू?"

ढिगातून पळी बाहेर आली, मनगट आतच राहिलं. काच किणकिणली, ढिगातली की हातातली, ते कळायला मार्ग नव्हता. आमटी वाफाळत होती.