चुन्याची रेघ

लातूर जिल्हा नवा झाला तो श्रावण कोरडाच गेला, आणि पुढच्या होळीआधी माझं लग्न झालं. माहेर मुखेडकडचं, म्हणजे नांदेड जिल्हा. सासर जळकोटच्या खालच्या अंगाला. वरातीतच बाया म्हणाल्या, "नव्या जिल्ह्याची सून झालीस की ग!" दुसऱ्या दिवशी त्याच बायांनी माझ्या डोक्यावर घागर दिली आणि आडाकडं नेलं. जिल्हा नवा, आड जुनाच. त्याच्या बुडाला भेगा पडलेल्या.

टँकर येई आणि नळी गावच्या विहिरीत सोडी. तळाचा गाळ उसळून वर यायचा. त्या गढूळ पाण्यावर सगळं गाव दोर टाकून पडायचं. पाडवा झाला आणि गावाला हगवण-ओकारी लागली.

माझी सासू कमलम्मा. तिला आम्ही अव्वा म्हणायचो. सासरे मी यायच्या आधीच गेलेले, नवरा रोजगार हमीच्या खडीवर. घरात आम्ही दोघीच. पहिल्या हगवणीची खबर आली तशी अव्वा उठली, डब्यातला चुना कालवला आणि उंबऱ्याबाहेर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाड रेघ ओढली.

"या रेघेच्या आत कुणाला घेऊ नगंस," ती म्हणाली. "देव आला तरी म्हनावं, पाय धू आन् थितंच उभा ऱ्हा."

पाणी ती दोनदा फडक्यानं गाळायची आणि खदखदा उकळायची. तुराट्या संपल्या तर गवऱ्या लावायची. माझा लोटा वेगळा, तिचा वेगळा. हात राखेनं इतके घासायची की कातडी सुटायला आली. मी आल्या-गेल्याशी दारातून दोन शब्द बोलले तरी ती आतून ओरडायची, "तोंड मिट! वारं आत जातंय!"

आमच्या भिंतीपलीकडं तिची थोरली जाऊ सिद्धम्मा राहायची. भिंत एक, अंगण एक, बोलणं मात्र टोमण्यापुरतं. रेघ बघून सिद्धम्मा अंगणात कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"कमळे, आमी काय मरीआईचे गाडे हाव का? रेघा कुणासाठी ओढून राहिलीस?"

"माझ्या घरासाठी, अक्का. तुमच्या दारात न्हाई ओढली."

"पाणी शिजवून पितीस म्हनं. आता वारा बी तळून खा की!"

"तळला असता. तेल कुठंय?"

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस असतो बग. अशी भिऊन भिऊनच मरशील."

"मरंन. पर तुमच्या पाण्यानं मरणार न्हाई."

गल्ली हसली. मला लाज वाटली. नवी सून मी, कोणत्या घरात पडले म्हणून मनात चरफडत होते.

मग गल्लीतली पारूबाई गेली. आमच्याकडं मयताच्या घरी चूल पेटत नाही. भावकीतल्या बाया पिठलं-भाकरी करून नेतात, आणि माती देऊन आलेल्यांनी त्याच घरात बसून एकेक घास खायचा असतो. त्याला कडू घास म्हणतात. तो घास खाल्ला की घरच्यांना कळतं, आपण एकटे नाही. अव्वानं भाकऱ्या थापल्या, टोपली डोक्यावर घेतली, पारूबाईच्या दारापर्यंत गेली आणि टोपली बाहेरच ठेवून परत फिरली. घास खाल्ला नाही. घरातही शिरली नाही.

संध्याकाळी सिद्धम्माचा नवरा बसवंत अप्पा आमच्या दारासमोरच्या पारावर सगळ्यांदेखत बोलला, "मयताच्या घरचा घास नाकारती! उद्या हिला माती द्यायला कोन येनार? माझ्या घरचं तर कुनी येनार न्हाई, आत्ताच सांगतो."

थोरला दीर, त्याच्याशी अव्वा तोंड वर करून बोलायची नाही. घराच्या खांबाकडं बघत ती मला मोठ्यानं म्हणाली, "सांग ग महादेवी, म्हनावं कुत्री तरी येतील. त्यांना इज्जत पुसावी लागत न्हाई."

त्या दिवसापासून विहिरीवर आमचा दोर कुणी धरेना. बाया मला बघून पदर नाकाला लावायच्या. जी साथीला भिते, तिच्याच घरात साथ, असं गावानं ठरवून टाकलं.

दरम्यान दवाखान्याची जीप आली. नर्सबाईनं चौकात पांढरी पाकिटं वाटली आणि घसा फोडून सांगितलं, "पेशंटला पाणी पाजा. पाकीट नसंल तर मीठ-साखर घालून पाजा. घोटघोट, सारखं."

सिद्धम्मा फिसकारली. "जुलाबावर पानी? वरून वतलं की खालून जातं. आमी काय लेकरं वाढवली न्हाईत?"

"पाणी न दिल्यानंच मरतात, आजी," नर्सबाई म्हणाली. "साथीनं कमी मरतात, तहानेनं जास्त."

अव्वा आमच्या रेघेच्या आत उभी होती. ते वाक्य ऐकलं आणि ती मटकन खाली बसली. जीप गेली तरी उठेना. मी चहा केला, तो तसाच निवला.

"काय झालं अव्वा? पोट दुखतंय का?" मी घाबरून विचारलं.

"माझा गुरुलिंग," ती म्हणाली.

मग मला कळलं. माझ्या नवऱ्याआधी तिला एक मुलगा होता, बोलता-चालता. पटकीच्या साली त्याला लागण झाली. तो 'पानी, अव्वा, पानी' करत होता. अव्वा लोटा घेऊन गेली, तर तिच्या सासूनं आणि सिद्धम्मानं दोन्हीकडून हात धरले. पाणी दिलं तर हगवण वाढती, असंच तेव्हा सगळे म्हणायचे. लोटा सिद्धम्मानं ओढून घेतला. पोराची जीभ लाकडासारखी झाली, तशीच राहिली.

"मला वाटायचं, त्या रोगानं नेला," अव्वा म्हणाली. "इतकी वर्सं मी रोगाला भेत आले. तान होती व्हय ती?"

आठ-पंधरा दिवस गेले असतील. एका दुपारी भिंतीपलीकडून ओकारीचा आवाज आला. सिद्धम्माची सून महानंदा. अंगावर पिणारं लेकरू. तिचा नवरा माझ्या नवऱ्यासोबत खडीवर. उन्हं उतरेपर्यंत ओकारीचा आवाज बंद झाला आणि दुसराच आवाज येऊ लागला, कोरडा, घासल्यासारखा. "पानी... अत्याबाई, पानी..."

"जरा दम धर," सिद्धम्माचा आवाज. "पोट कोरडं झालं की आपोआप थांबतंय."

अव्वा घरात येरझाऱ्या घालायला लागली. कानावर हात धरले. चुलीपुढं बसली, उठली. कपाळाला विभूती लावली. भिंतीपलीकडून पुन्हा "पानी" आलं. अव्वानं उकळून निवलेल्या पाण्याचा तांब्या घेतला, त्यात मीठ टाकलं, गूळ फोडून टाकला, चव बघितली.

"अव्वा, जाऊ नका," मी पदर धरला. "तुमीच म्हनता ना, वारं बी वाईट."

"लई वाईट. तू हितंच ऱ्हा. माझ्या मागं येऊ नगंस."

तिनं रेघ ओलांडली. मी दारातून बघत होते. सिद्धम्मा तिच्या उंबऱ्यात आडवी आली.

"आता ग कामून आलीस? पारूच्या दारातून तर पळालीस!"

"सरका, अक्का."

"माझ्या सुनेला मारायला निघालीस का पानी पाजून?"

"सरका म्हनते."

सिद्धम्मानं तांब्याला हात घातला. अव्वानं तो छातीशी धरला आणि असा आवाज काढला की पारावरची माणसं उठून बसली. "वढ! वढून बग आता! तवा तुमी दोघी होता, मी पोर होते. आज तुमी एकट्या हाव आन् मी म्हातारी हाय. वढ!"

सिद्धम्माचा हात सुटला. कशानं सुटला ते तिलाच ठाऊक. अव्वा आत गेली.

दिवस मावळेपर्यंत ती महानंदाच्या उशाशी बसली. पळीपळीनं पाजायची. महानंदा ओकायची, तिच्याच अंगावर. ती पुसायची आणि पुन्हा पळी लावायची. मी अंगणातून तांबे भरून देत होते. बसवंत अप्पा येऊन खांबाला टेकून उभा राहिला. तांब्या रिकामा झाला तसा त्यानं आमच्या घराकडं बोट करून मला अजून आणायला खुणावलं.

दिवेलागणीला महानंदाला लघवी झाली, म्हणजे पाणी अंगी लागलं. अव्वा बाहेर आली. अंगणात राखेनं कोपरापर्यंत हात घासले, लुगडं उकळत्या पाण्यात टाकलं, पण आमच्या घरात आली नाही. रेघेबाहेर गोठ्यात पोतं अंथरून पडली.

"घरात या की," मी म्हणाले.

"न्हाई. मला काय झालं तर तुला नगं. भाकर रेघेवर ठेव आन् मागं सर."

म्हणजे रेघ तशीच राहिली. फक्त अव्वा बाहेर गेली. पोटात जरा गुडगुडलं तरी ती देवाचं नाव घेत बसायची. भीती गेली नव्हती. कुणी पारावर म्हणालं, "वाघीन झाली की कमलम्मा!" तिनं ऐकलं आणि म्हणाली, "कसली वाघीन. रातभर झोप न्हाई माझ्या डोळ्याला."

महानंदा उठून बसली, लेकराला जवळ घेतलं, आणि सिद्धम्मा हगवणीनं पडली.

बसवंत अप्पा स्वतः रेघेपर्यंत आला. अव्वाकडं न बघता गोठ्याच्या मेढीला म्हणाला, "तिला पाज मनावं. आमच्या कुनाच्या हातचं घेत न्हाई."

अव्वा तांब्या घेऊन गेली. सिद्धम्मा भिंतीकडं तोंड करून पडली होती. डोळे खोल गेलेले, ओठ फाटलेले.

"अक्का, तोंड उघडा."

"नगं."

"सून उठली तुमची याच पान्यानं. दिसत न्हाई का?"

"दिसतंय. मनूनच नगं." तिला बोलायला त्रास होत होता. "हे पानी पिऊन मी जगले तर... तर गुरुलिंगला मीच मारलं. असंच झालं की न्हाई? बोल."

अव्वानं न्हाई म्हटलं असतं तर सिद्धम्मा कदाचित प्यायली असती. अव्वानं पळी भरून धरली होती. ती म्हणाली, "तवा तुमाला ठाव नव्हतं. आज ठाव हाय. प्या."

"तू माझ्यावर उपकार करून राहिलीस का?"

"हाव. प्या अन् मग शिव्या द्या."

सिद्धम्मानं दात आवळून धरले. महानंदानं विनवलं, बसवंत अप्पानं तर दोन बोटांनी जबडा उघडायला बघितला. ओठातून गेलेलं पाणी तिनं थुंकून टाकलं. दुसऱ्या दिवशी जळकोटहून गाडी आणायला माणूस गेला. गाडी आली तेव्हा तिचं काम राहिलं नव्हतं. सुंभ जळाला, पीळ तसाच.

खडीवरच्या लेकापर्यंत निरोप पोचायच्या आतच मातीची वेळ झाली. माती द्यायला बोटावर मोजण्याइतकी माणसं आली, तीही लांब उभी. पारावर तोंड वाजवणाऱ्यांपैकी एकानंही कडू घासाला त्या घरात पाय टाकला नाही. सगळ्यांना अचानक कामं निघाली होती.

अव्वानं पिठलं केलं, भाकरी केली. मला म्हणाली, "टोपली तू घे." मी रेघ ओलांडली. आत बसवंत अप्पा, महानंदा, मांडीवर लेकरू, अव्वा आणि मी. अव्वानं हात धुतले. पुन्हा धुतले. मग भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्याला लावला आणि तो तोंडाजवळ नेऊन बराच वेळ तशीच बसली. आम्ही सगळे तिच्याकडं बघत होतो.

तिनं घास खाल्ला. चावताना डोळे मिटून घेतले होते.

"मीठ जास्त झालं," बसवंत अप्पा म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो तिच्याशी सरळ बोलला असेल.

"आसू द्या," अव्वा म्हणाली. "अंगात पानी धरतंय."

सिद्धम्मा त्र्याऐंशी सालच्या वैशाखात, अवसेच्या आदल्या दिवशी वारली. बसवंत अप्पा भूकंपाच्या आदल्या साली गेला. अव्वा पुष्कळ जगली आणि एका पौषात म्हातारपणानं वारली. शेवटचं पाणी तिला महानंदानं पाजलं.