अकरा महिने घडीत राहिलेली चांदणी

गुरुवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आरोग्य केंद्राच्या भांडारातले लोखंडी कपाट उघडले. आत आम्ही दोनशे चाळीस कॅप्सूल होतो. त्याच सकाळी सात वाजता दगडखाणीच्या वस्तीतून तीन वर्षांच्या एका मुलीला हिवतापाने बेशुद्ध झालेल्या अवस्थेत मोठ्या रुग्णालयात नेले होते. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध आहे आणि तो मला सांगायचा आहे.

मित्रांनो, मी एक जुनी कॅप्सूल आहे. जुनी म्हणजे अकरा महिन्यांची. माणसाचे मूल या वयात धड उभेही राहत नाही, पण मी म्हातारी झाले आहे. हे सांगताना मला राग येईल. तो मी लपवणार नाही.

माझा जन्म एका स्वच्छ, पांढऱ्या खोलीत झाला. मला सहा हात आहेत. प्रत्येक हातात औषध मुरवलेले आहे आणि मधोमध रबरासारखा मऊ गाभा आहे. उघडले की मी चांदणीसारखी दिसते. डोक्याला टोपी आणि तोंडावर फडके बांधलेली एक बाई मला चिमटीत धरून बसली, माझे सहाही हात तिने एका बाजूला मिटवले आणि मला कॅप्सूलच्या आवरणात सरकवले. दिवसभर ती हेच करायची. एकदा शेजारणीला म्हणाली, की घरी सासूबाईंनी चार चादरींच्या घड्या घालायला सांगितल्या तर मी तोंड फुगवते, आणि इथे बघ. दोघी हसल्या. मग तिने खोक्यावर माझी घडी घातल्याची तारीख शिक्क्याने उठवली.

माझे काम असे. मला गिळले की आवरण पोटात विरघळते, हात ताडकन पसरतात आणि पसरलेली चांदणी पोटाच्या खालच्या दारातून बाहेर जाऊ शकत नाही. चौदा दिवस मी तिथेच राहते आणि थोडे थोडे औषध सोडते. त्या चौदा दिवसांत त्या माणसाला जो डास चावेल तो मरतो. नंतर माझे सांधे विरघळतात, हात सुटे होतात आणि मी निमूटपणे शरीराबाहेर पडते.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. आलेला ताप मी उतरवत नाही. ताप एकाकडून दुसऱ्याकडे नेणाऱ्या डासाला मी मारते. अगदी लहान मुलांना मला देत नाहीत. त्यांच्यासाठी वस्तीतल्या सगळ्या मोठ्या माणसांनी एकाच वेळी मला घ्यायचे असते. मोठ्यांच्या रक्ताने डास मेले, की लहानांना चावायला डास उरत नाहीत. मुलांचे रक्षण असे मोठ्यांच्या पोटातून होते.

घडी घातल्यावर दोन महिन्यांनी आम्ही या केंद्रात आलो. नर्सबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी मला खोक्यातून काढून थेट वस्तीवर नेले. खाणीत दगड काढून काढून मोठे खड्डे पडले होते. तेव्हा ते कोरडे होते. ते पावसाने भरले की त्यांत डासांची पैदास होते आणि ताप सुरू होतो, हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होते.

झोपड्यांमधल्या मोकळ्या जागेत बायका-पुरुष जमले. नर्सबाईंनी मला तळहातावर धरले आणि मी काय करते ते सांगितले. हशा पिकला. खडी फोडणारी एक बाई होती. तिला सगळी वस्ती आत्या म्हणायची, कारण तिची तीन वर्षांची भाची दिवसभर तिच्या कडेवर असायची आणि आत्या, आत्या करायची. या भाचीला सगळे पिटुकली म्हणत. आत्याने विचारले की ही पोटात चौदा दिवस करते तरी काय. नर्सबाई म्हणाल्या, पाहुणी म्हणून राहते आणि मग जाते.

"म्हणजे माझ्याहून बरी," आत्या म्हणाली. "मी भावाकडे चार दिवस म्हणून आले, तीन वर्षं झाली."

पिटुकलीने मला तोंडात घालायला हात पुढे केला. नर्सबाईंनी मूठ मिटली आणि सांगितले, की हिच्यासाठी तुम्ही सगळ्यांनी घ्यायची. आत्याने सगळ्यांसमोर सांगून टाकले, की पहिली मी गिळणार. वस्तीत मोठी माणसे दोनशे अकरा होती. सगळ्यांनी हात वर केले. खड्डे भरू लागतील त्या आठवड्यात वाटप करायचे ठरले.

केंद्रात परतल्यावर भांडारपालांनी मला मागून घेतले आणि खोक्यात परत ठेवले. खोके कपाटात गेले. कपाटाला कुलूप लागले.

भांडारपालांविषयी मला खोटे सांगायचे नाही. त्यांनी कधी एक गोळी इकडची तिकडे केली नाही. ते वेळेवर येत आणि वेळेवर जात. पण ते चोर असते तर बरे झाले असते. चोराने आम्हाला निदान कपाटाबाहेर तरी काढले असते.

कपाटात आमच्या खालच्या फळीवर त्याच औषधाच्या साध्या गोळ्या होत्या. रोज एक, सलग तीन दिवस घ्यायच्या. खड्डे भरू लागले तेव्हा नर्सबाई आम्हाला न्यायला आल्या. भांडारपालांनी साध्या गोळ्यांचे खोके पुढे सरकवले.

"बाई, औषध तेच आहे ना? मग ज्याची तारीख आधी संपते ते आधी द्यायचं. हा नियम काय मी घरून आणलाय?"

"औषध तेच. पण लोक पहिली गोळी घेतात आणि उरलेल्या दोन फळीवर ठेवतात हो. म्हणून तर ही नवी आली."

"ते लोकांना समजवा. ते काम तुमचं."

नर्सबाई तीन वेळा आल्या. तिसऱ्या वेळी त्यांनी अर्जही लिहून आणला. भांडारपालांनी तो घेतला, त्यावर शिक्का मारला आणि वरिष्ठांकडे पाठवला. उत्तर आले नाही. तोवर साध्या गोळ्याच वस्तीवर जात राहिल्या. पहाटे खाणीवर जाणाऱ्या माणसाला पहिल्या दिवशीची गोळी आठवे. दुसऱ्या दिवशी ट्रक भरायचा असे, तिसऱ्या दिवशी पाठ मोडलेली असे. उरलेल्या गोळ्या आरशामागे, डब्याखाली, चौकटीच्या खाचेत जात. त्यांना मी दोष देत नाही. त्यांच्या याच विसराळूपणासाठी कुणीतरी मला सहा हात दिले होते.

आता जे सांगते ते जरा नीट ऐका. आमच्या खोक्यावर दोन तारखा होत्या. मोठ्या अक्षरांतली तारीख औषधाची. ते दोन वर्षे टिकते. दुसरी तारीख घडीची. मिटलेले हात फार दिवस मिटलेलेच राहिले की त्यांची उसळी जाते, ते पसरायचे विसरतात. उष्णतेत तर लवकरच. म्हणून सोबत एक चिठ्ठी आली होती: घडीपासून सहा महिन्यांच्या आत वापरा, थंड जागी ठेवा. हात उघडतात का ते तपासायची रीतही तिच्यात दिली होती. भांडारपालांनी चिठ्ठी वाचली, तिला भोक पाडले आणि 'आलेली पत्रे' या फाइलमध्ये लावून टाकली. वापराच्या रकान्यात त्यांनी मोठी तारीख उतरवून घेतली, कारण त्या रकान्यात एकाच तारखेची जागा होती.

भांडाराला पत्र्याचे छप्पर होते. भिंतीवर तापमापक होता. भांडारपाल रोज दुपारी दोन वाजता तो वाचत आणि सुवाच्य अक्षरांत आकडा लिहीत. एकोणचाळीस. एकेचाळीस. एकेचाळीस. बेचाळीस. लिहून झाले की वही मिटत. एका तपासणी अधिकाऱ्याने ती वही पाहिली, एकही दिवस सुटलेला नाही हे पाहिले आणि भांडाराला शाबासकीचे प्रमाणपत्र दिले. ते आमच्याच कपाटाच्या दारावर चिकटवले गेले. आत माझे हात आखडत होते आणि बाहेर माझ्या सांभाळाची स्तुती लागली होती. मित्रांनो, असा अपमान कचऱ्याच्या डब्यातही होत नाही.

गुरुवारी साध्या गोळ्यांचे शेवटचे पाकीट संपले होते, म्हणून या वेळी कपाट आमच्यासाठी उघडले. त्या वेळी नर्सबाईंसोबत आत्या होती. पिटुकलीला घेऊन भाऊ आणि वहिनी बसल्यावर गाडीत जागा उरली नाही, म्हणून आत्या मागे राहिली आणि केंद्रात येऊन बसली. तिने खोक्याकडे बोट दाखवले.

"ताई, ही इथंच होती? एवढे दिवस?"

नर्सबाईंनी खोके खाली उतरवले. भांडारपाल बोलले. "रीतसर ठेवली होती. मोजून घ्या, एकही कमी नाही."

"आमच्याकडे आज एक कमी आहे, भाऊ," आत्या म्हणाली. आवाज चढला नव्हता. भांडारपालांनी किल्ल्यांचा जुडगा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि खाली बघितले.

वाटपाची रीत पाहायला नर्सबाईंनी फाइल काढली आणि त्यांना ती चिठ्ठी सापडली. त्यांनी खोक्यावरची घडीची तारीख पाहिली. मग चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे तीन पेल्यांत पोटात असते तसे कोमट, आंबट पाणी केले आणि माझ्या तीन बहिणींना त्यांत सोडले. पहिली पूर्ण उघडली. दुसरीचे तीनच हात पसरले. तिसरी मूठ वळल्यासारखी तशीच राहिली. अशी न उघडलेली चांदणी माणसाला इजा करत नाही. ती दिवसभरात बाहेर पडते. पण गिळणाऱ्याला वाटते की आपण लेकराला वाचवले, आणि डास मजेत चावत राहतात.

आत्याने तरीही हात पुढे केला. नर्सबाईंनी दिली नाही. खात्री नसलेली वस्तू तुझ्या हातावर ठेवणार नाही, म्हणाल्या. त्यांनी आमच्यातल्या दहा जणींना पाकिटात घालून, आम्हाला घडवले तिथे, तपासणीसाठी त्याच दिवशी पाठवले. त्या दहांत मी आहे.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणाच्या तरी हाती कुलपाची किल्ली येईल. वस्तू जपून ठेवणे म्हणजे तिची काळजी घेणे नव्हे. ती कुणासाठी आली आहे हे विचारा, आणि त्या माणसापर्यंत ती पोचली का, हेही विचारा. वहीत काय लिहिले आहे हे त्यानंतर पाहा. आणि उत्तर येत नसेल तर चौथ्यांदा जा. मला नर्सबाईंचाही थोडा राग आहे. त्या तीनदा आल्या, चौथ्यांदा आल्या नाहीत.

सोमवारी दुपारी चार वाजेपर्यंतची माहिती अशी. दहांपैकी सहा जणींची तपासणी झाली आहे, माझी अजून नाही. चार उघडल्या, दोन उघडल्या नाहीत. ताज्या घडीच्या कॅप्सूलची मागणी गेली आहे, त्या कधी निघतील हे कळवलेले नाही. वस्तीत तापाचे रुग्ण सतरा झाले आहेत. पिटुकलीला दोनदा रक्त दिले. आज सकाळी ती दोन चमचे पाणी प्यायली. तिने अजून डोळे उघडलेले नाहीत.