दाढीचं टोपडं

दवाखान्याच्या मागच्या अंगाला, धुलाईच्या खोलीला भिंत लावून शिवणखोली आहे. तिथे सव्वीस वर्षं मशीन चालवणाऱ्या बाईला सगळा दवाखाना टाकेमावशी म्हणतो. एकदा एका सर्जनने तिची शिवण भिंगाखाली धरून पाहिली आणि म्हणाला, "मावशी, असा टाका मला आला असता तर माझे पेशंट दुसऱ्याच दिवशी चालत घरी गेले असते." तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

डोक्याला ती रुमाल बांधते, हनुवटीखाली एक पिन. सव्वीस वर्षांत त्या रुमालाबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. फरशी पुसणाऱ्या, चादरी पिळणाऱ्या बायकांतही चारपाच जणी डोकं झाकणाऱ्या. त्याही कोणाच्या डोळ्यांत खुपल्या नव्हत्या. खुपली ती धाकटी.

धाकटी म्हणजे मावशीची दुसरी मुलगी. तीन वर्षं शिकली, परीक्षेत पहिली आली आणि याच दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरमध्ये तंत्रज्ञ म्हणून तिची नेमणूक झाली. सोमवारी दुपारी बाराच्या आत पुस्तकात रुजू झाल्याची सही करायची होती. नाही केली तर जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. बुधवारी ती डोक्याला रुमाल बांधून, हातात कागदांची पिशवी घेऊन दवाखान्याच्या मोठ्या साहेबांना भेटून आली. आणि गुरुवारी सकाळी फलकावर हुकूम लागला.

हुकूम वाचून शिवणखोलीत आली ती काजवाली. शिवणखोलीतली सगळी काजं तीच करते, आणि बातम्याही तीच आणते.

"मावशी, ऐका. स्वच्छतेच्या कारणास्तव कोणत्याही कर्मचाऱ्याने डोके, कान व मान झाकणारे कोणतेही कापडी आवरण आवारात वापरू नये. सोमवारपासून लागू. खाली सही, शिक्का, सगळं."

मावशीने मशीनवरचा पाय काढला. "कोणतेही?"

"कोणतेही. पण अर्थ सगळ्यांना कळतोय. धुलाईतल्या बायका तर रडायला लागल्यात."

मावशी तशीच उठली आणि जिना चढून मोठ्या साहेबांच्या खोलीत गेली. साहेबांनी तिला खुर्ची दिली, पाणी मागवलं. माणूस गोड बोलत होता आणि तेच तिला जड गेलं.

"मावशी, हे तुमच्यासाठी नाही हो," साहेब म्हणाले. "तुम्ही आपल्या मागच्या खोलीत असता. तुमच्याकडे कोण बघतंय?"

"मग कोणासाठी?"

"थिएटर म्हणजे दवाखान्याचा चेहरा. मोठे लोक येतात, फोटो निघतात. मुलगी हुशार आहे, मी नाही कुठे म्हणतो? पण घरचे सक्ती करत असतील तर तुम्ही आई म्हणून बोला ना. तुमची थोरली बघा, डोक्यावर काही नाही, किती मोकळी वाटते."

मावशीला खूप बोलायचं होतं, पण इतकं सगळं एकदम तोंडाशी आलं की एकही शब्द बाहेर पडेना. पाण्याला हात न लावता ती खाली आली. दिवसभर तिने शिवलेल्या एकाही बाहीची शिवण सरळ आली नाही. संध्याकाळी तिने त्या सगळ्या उसवल्या.

घरी थोरली आधीच येऊन बसली होती. थोरली वकिलाच्या कचेरीत टंकलेखन करते. तिने कधी डोकं झाकलं नाही, आणि त्यावरून घरात कधी भांडी वाजली नाहीत.

"मला बघा म्हणाले?" थोरली ताडकन उठली. "माझी काठी करून माझ्याच बहिणीच्या पाठीत घालतात? अम्मी, तू ऐकून घेतलंस?"

"शब्दच फुटेना गं."

"आणि सक्ती म्हणे! हिच्यावर कोण सक्ती करणार? हिला पाच वर्षांची असताना दूध प्यायला लावता आलं नाही आपल्याला."

धाकटी कोपऱ्यात भाजी निवडत होती. ती हसली नाही. "आपा, तीन वर्षं मी लोकांना एकच उत्तर देतेय. कोणी घालायला लावलं? कोणी नाही. मग काढ. का काढू? मग पुन्हा पहिल्यापासून. माझ्या हाताला काय येतं हे एकानेही विचारलं नाही. रक्तवाहिनीचा चिमटा मी डोळे मिटून ओळखते. पण सगळे डोक्यालाच धरून बसलेत."

"सोमवारी बारा वाजता जागा जाईल," मावशी हळू म्हणाली.

"जाईल तर जाईल, असं मी म्हणणार नाही अम्मी. मला ती जागा हवी आहे. रुमालही हवा आहे. दोन्ही माझंच आहे."

त्या संध्याकाळी थोरलीने हुकूम मागे घ्या असा अर्ज लिहिला. शुक्रवारी काजवाली आणि मावशी मिळून सह्यांना हिंडल्या. डोकं झाकणाऱ्या, न झाकणाऱ्या, कुंकू लावणाऱ्या, न लावणाऱ्या, एक्केचाळीस बायकांनी सह्या केल्या. थिएटरच्या मोठ्या सिस्टरनी वाचून चष्मा काढला आणि सर्वांत वर सही ठोकली. "माझ्या थिएटरात डोकं उघडं ठेवायला परवानगी नाही आणि हे झाकायला बंदी करतायत. अक्कल गहाण टाकली का?" शनिवारी सकाळी अर्ज परत आला. वर तांबड्या शाईत एकच शब्द होता, 'विचाराधीन'. मधे एक रविवारची सुट्टी, की सोमवार.

मावशीने तो कागद घडी घालून मशीनच्या खणात ठेवला आणि कापडाच्या फळीकडे वळली. तिथेच ती थबकली.

शिवणखोलीत प्रत्येक वस्तूचा एक नंबर असतो आणि प्रत्येक नंबरचा कागदी नमुना खिळ्याला टांगलेला असतो. एक नंबर साधी टोपी, तीन नंबर झगा, असं. सात नंबर दाढीवाल्या डॉक्टरांसाठी. दाढीचा केस जखमेत पडू नये म्हणून मावशीनेच वीस वर्षांपूर्वी तो बेतला होता. डोकं झाकणारा, कान झाकणारा, हनुवटीखालून मानेवर येऊन छातीपर्यंत उतरणारा. लहान मुलांच्या टोपड्यासारखा दिसतो म्हणून सगळे त्याला दाढीचं टोपडं म्हणतात. सर्जरी विभागाचे मुख्य डॉक्टर तेच घालून रोज उभे राहतात.

"काजवाले," मावशी म्हणाली, "तो हुकूम पुन्हा एकदा म्हण."

"डोके, कान व मान झाकणारे कोणतेही कापडी आवरण..." काजवालीचं तोंड उघडंच राहिलं. तिची नजर सात नंबरच्या खिळ्यावर गेली होती. "अगं बाई!"

"बंद झालेल्या वस्तूचं आपण काय करतो?"

"फळीवरून काढायची, कपाटात कुलूपबंद करायची, कोठीला चिठ्ठी पाठवायची. पूर्वी पाठीवर बांधायचे झगे बंद झाले तेव्हा केलं तसं."

"मग कर."

दोघींनी मिळून फळीवरची आणि धुवून आलेली बासष्ट टोपडी कपाटात घातली. चिठ्ठी लिहिली काजवालीने, सही केली मावशीने: 'फलकावरील हुकमानुसार सात नंबर बंद.' कुलूप लावण्याआधी मात्र मावशीने एक टोपडं काढून आपल्या एप्रनच्या खिशात कोंबलं.

"हे कशाला?"

"एखादा जीवावरचा पेशंट आला तर? आपलं भांडण त्याच्याशी नाही."

सोमवारी सकाळी मावशी आणि धुलाईतल्या बायका रुमालासकट मागच्या दाराने आत गेल्या, तिथे कोणी बघत नव्हतं. दहाला धाकटी रुमाल बांधून कागदांची पिशवी घेऊन पुढच्या फाटकाशी आली. फाटकावरच्या पहारेकऱ्याने तिला अडवलं. "ताई, मला हुकूम आहे. आत सोडलं तर माझी कातडी सोलतील." थोरलीही रजा टाकून आली होती. दोघी बहिणी फाटकापाशी उभ्या राहिल्या.

साडेदहाला शिवणखोलीच्या दारात मुख्य डॉक्टर आले. मागे मोठ्या सिस्टर, चेहऱ्यावर दगडासारखी शांतता.

"मावशी, माझं टोपडं कुठंय? सिस्टर मला थिएटरात घेत नाहीत."

"उघडी दाढी? माझ्या थिएटरात?" सिस्टर म्हणाल्या. "तुम्ही काय, देव आला तरी नाही."

"सात नंबर बंद झाला, डॉक्टर. हुकूम आहे. फलकावर बघा. कोठीला चिठ्ठी गेलीय."

डॉक्टर दाढी कुरवाळत उभे राहिले. "माझा पेशंट उपाशी झोपलाय हो."

मावशीचा हात खिशात गेला. "सिस्टर, जीवावरचं आहे का?"

"हर्निया आहे. दुपारी केला तरी चालेल. भुकेने चिडलाय, बाकी ठणठणीत."

हात रिकामाच खिशाबाहेर आला.

निरोप वर गेला आणि अकराला मोठे साहेब स्वतः जिना उतरून आले. सव्वीस वर्षांत शिवणखोलीत ते पहिल्यांदाच येत होते. बोलणं गोड राहिलं नव्हतं.

"हा काय पोरखेळ आहे? कपाट उघडा!"

"उघडते. आधी सांगा, हुकमातून कोणती वस्तू वगळायची? डोकं, कान, मान. तिन्ही झाकतं हे. मी शिंपीण आहे, साहेब. मला माप दिलं की मी मापानं चालते."

"हे कामासाठी आहे! ते वेगळं!"

"काय वेगळं?" मावशीने खिळ्यावरचा नमुना काढला आणि आपल्या रुमालाशेजारी धरला. गेल्या गुरुवारी अडकलेलं सगळं आता एकामागून एक बाहेर यायला लागलं. "कापड तेच. झाकतं तेवढंच. पुरुषाची दाढी झाकली तर स्वच्छता आणि माझ्या मुलीचं डोकं झाकलं तर घाण? बादली घेऊन वाकलेल्या बाईचा रुमाल तुम्हाला सव्वीस वर्षं दिसला नाही. तीच बाई सर्जनच्या शेजारी ताठ उभी राहणार म्हटल्यावर दिसला! तुम्ही म्हणालात, मावशी, तुमच्याकडे कोण बघतंय. मी चार दिवस तेच ऐकतेय, साहेब. झोपेत ऐकतेय."

दारात धुलाईच्या बायका जमल्या होत्या. साहेबांनी घड्याळ पाहिलं, डॉक्टरांच्या उघड्या दाढीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बरं. मुलीला बोलवा. तिलाही यातलं एक द्या. थिएटरात घालू दे. बाहेर आली की काढायचं. संपलं?"

काजवाली धावत जाऊन धाकटीला घेऊन आली. मागून थोरली. तडजोड ऐकून धाकटीने आईकडे पाहिलं. सव्वाअकरा वाजून गेले होते. घे म्हणावं, पदरात पडतंय ते घे, पुढचं पुढे बघू, असं मावशीच्या अगदी ओठांवर आलं. तिने ओठ आवळून धरले.

"साहेब," धाकटी म्हणाली, "थिएटरात तुमचं टोपडं मी घालीनच, नियमच आहे तो. पण माझा रुमाल दाढीच्या नावाखाली लपवून मी आत जाणार नाही. दाराच्या आत स्वच्छ आणि दाराबाहेर घाण, असं एकच डोकं कसं होईल? हुकूम चुकला असं लिहा. मग मी सही करते."

"आणि नाही लिहिलं तर?"

"तर बारा वाजतील," धाकटी म्हणाली. ती जागची हलली नाही.

मग डॉक्टरांनीच घसा खाकरला. "वीस वर्षं मी हे घालतोय. मला कोणी विचारलं नाही की घरच्यांची सक्ती आहे का. साहेब, टाका ना लिहून. तो माणूस वर उपाशी आहे आणि मला ही मुलगी चिमटे द्यायला हवी आहे."

साहेबांनी काजवालीकडून कागद घेतला, मावशीच्या मशीनवर टेकवला आणि तीन ओळी लिहिल्या. हुकूम मागे घेण्यात येत आहे. थोरलीने त्या वाचल्या, तारीख राहिली होती ती घालायला लावली आणि मगच कागद सोडला.

"झालं समाधान?" साहेबांनी मावशीला विचारलं.

"नाही," मावशी म्हणाली.

साहेब थांबले. त्यांना आभार अपेक्षित असावेत.

मावशीने खण उघडला आणि तांबड्या शाईचा अर्ज त्यांच्यासमोर धरला. "एक्केचाळीस बायकांनी सही करून सांगितलं तेव्हा हे विचाराधीन होतं. एक दाढी अडली तर तासाभरात तुम्ही जिना उतरलात. समाधान कशाचं मानू?"

साहेब जिना चढून गेले. धाकटी सहीला पळाली. डॉक्टर मात्र दारातच उभे होते. मावशीने खिशातून टोपडं काढून त्यांच्या हातात दिलं.

"हे होतं तुमच्याकडे? इतका वेळ?"

"जीवावरच्या पेशंटसाठी होतं, डॉक्टर. तुमच्यासाठी नव्हतं." ती मशीनवर बसली. "जा आता. आणि त्या माणसाला सांगा, माफ कर म्हणावं. त्याची भूक माझ्यामुळे लांबली."

बाराला दहा कमी असताना वरून सिस्टरचा निरोप आला की सही झाली. मावशीने ऐकलं आणि सुईत दोरा ओवायला घेतला. तीनदा दोरा चुकला. चौथ्यांदा काजवालीने सुई हातातून काढून घेतली आणि एका झटक्यात ओवून दिली.