अकराव्या खेपेला जोडणारा मी

मी एक जुना प्रोग्रॅम आहे, मित्रांनो. पण जुना म्हणून नाक मुरडू नका. संगणकाच्या पडद्यावर कोपऱ्यात नेटची छोटी खूण दिसते ना? तिच्यामागे राबणारा तो मीच. वायफाय असो, केबल असो, नाहीतर मोबाइलचे नेट असो, तुमचा संगणक त्याला जोडून देणे हे माझे काम. सारे सुरळीत असले की माझी कोणाला आठवणही येत नाही. नेट गेले की मात्र पहिली शिवी मलाच!

मला मास्तरांनी लिहिले. ते शाळेत गणित शिकवायचे आणि संध्याकाळी शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत, खालच्या मशीनच्या खडखडाटात माझी एकेक ओळ बसवायचे. त्यांनी मला कुलपात ठेवले नाही. माझ्या पोटातली प्रत्येक ओळ कोणीही वाचावी, दुरुस्त करावी, फुकट वापरावी, ही त्यांची पहिल्यापासूनची अट. त्यामुळे एकमेकांना कधीही न भेटलेल्या शेकडो माणसांचा हात माझ्यावरून फिरला आहे. याचा मला किती अभिमान आहे म्हणून सांगू!

दर वर्षी त्या खोलीत माझ्या पुढच्या आवृत्तीची बैठक भरते. मला नवे काय शिकवायचे आणि माझ्यातले काय काढून टाकायचे, ते चिठ्ठ्यांवर लिहून भिंतीला चिकटवतात. डावीकडे ‘येणार’, उजवीकडे ‘जाणार’. यंदा उजवीकडे एक चिठ्ठी लागली. तिच्यावर लिहिले होते, ‘चिकाटी’.

सिग्नल कमजोर असला तरी मी हात टेकत नाही. जरा थांबतो, पुन्हा प्रयत्न करतो, जमेपर्यंत करतो. हा गुण मास्तरांनी मला पहिल्याच वर्षी दिला. आता माझे सगळे काम त्यांची पुतणी बघते. तिला सारे तुफान म्हणतात, आणि ते काही उगाच नाही.

“काका, तीनदा जमलं नाही तर सरळ सोडून द्यायचं,” ती म्हणाली. “नुसती बॅटरी खातो हा. आणि मी मनाचं सांगत नाहीये. नेटवर फॉर्म टाकून सगळ्यांना विचारलंय. दोन हजार उत्तरं आली. चिकाटी हवी म्हणणारे किती? चार!”

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. गणिताचा माणूस तो, आकडे ऐकून मान डोलावली.

तेवढ्यात जिना चढून एक बाई आल्या. डोंगरावरच्या लहान दवाखान्यात त्या परिचारिका होत्या आणि औषधे न्यायला शहरात उतरल्या होत्या. माझ्या माहितीच्या पानावर त्यांनी चिकाटीची बातमी वाचली होती आणि खोलीचा पत्ताही तिथूनच काढला होता. खांद्यावरच्या पिशवीत त्यांचा लॅपटॉप होता.

“तुम्ही चिकाटी काढणार म्हणे,” त्या दारातूनच म्हणाल्या. “आमच्याकडे सिग्नल असून नसल्यासारखा. अडलेली बाई येते, मला मोठ्या डॉक्टरांना दोन ओळी विचारायच्या असतात. हा आठव्या-नवव्या खेपेला जोडतो, पण जोडतो! तिसऱ्यालाच सोडून दिलं, तर मी विचारू कुणाला?”

“मग सिस्टर, फॉर्म का नाही भरलात तुम्ही?” तुफानच्या आवाजात जरा ठसका होता.

“उघडला असता तर भरला असता! तीन दिवस खटपट केली. वरचं चित्र अर्धं आलं, तिथेच अडकलं.”

तुफानचा चेहरा खर्रकन उतरला. ज्यांचे नेट धड चालत नाही, त्यांची अडचण तिने नेटवरूनच विचारली होती! मास्तरांना मात्र हसू आवरेना.

“आज गैरहजर असलेल्यांनी हात वर करा, असं झालं की गं हे!”

तुफान लाजली, पण दुसऱ्याच क्षणी उठली. “चला खाली. बघूच.”

तळघरात कापडाच्या गठ्ठ्यांमागे वरच्या खोलीतले वायफाय जेमतेम पोचत होते. तिथे सिस्टरांचा लॅपटॉप उघडला आणि तुफान मोठ्याने मोजू लागली. तिसऱ्या खेपेला काही नाही. सातव्यालाही नाही. मी जिवाचे रान करत होतो. अकराव्या खेपेला मी जोडला गेलो. तेव्हा तुफाननेच टाळी वाजवली, आणि माझी छाती अशी फुगली म्हणता!

वर येऊन तिने आपल्या हाताने ‘चिकाटी’ची चिठ्ठी काढली. “चुकलंच माझं,” ती सिस्टरांना म्हणाली. “अजून काय हवं, सांगा.”

“कितवी खेप चालू आहे, तेवढं दाखवा. माणसाला धीर येतो.”

तशी नवी चिठ्ठी सिस्टरांनी स्वतः लिहिली आणि ‘येणार’खाली चिकटवली. दूरदूरच्या दवाखान्यांना, शाळांना काय हवे ते विचारायला तुफानने त्याच आठवड्यात टपालाने पत्रे पाठवली.

मित्रांनो, मला हवे तसे सुधारा, माझ्या चुका काढा. फक्त माझ्यातले काही काढून टाकण्याआधी, ज्यांचे उत्तर आले नाही त्यांच्या दारापर्यंत एकदा जा. आणि पडद्यावर ‘खेप आठवी’ दिसली तर माझ्यावर चिडू नका. तिकडे डोंगरावर कोणा बाईचा हात धरून सिस्टर तोच आकडा वाचत असतात. “थांब गं, लागतंय हं,” असे तिला सांगत असतात.

आणि मी लागतो.