हा टाका माझा नाही

आमचे हे शिंपी. गेले आठ दिवस ते लेकीसाठी कोट शिवत होते, आणि गेले आठ दिवस मी त्यांच्यावर डोळा ठेवून होते.

लेकीला परगावी नोकरी लागली होती. शिवता शिवता हे गुणगुणायचे, मध्येच डोळे पुसायचे. कुठल्याही बापाचं होतं तसंच. पण दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. दोन वर्षांपूर्वीही हे असेच खुशीत होते, आणि गुणगुणणं दिवसेंदिवस जलद होत गेलं होतं. तेव्हा त्यांनी साठ गणवेशांच्या कॉलरीत चिठ्ठ्या शिवल्या. पोरांना संकटातून तारायचं काम म्हणे यांच्यावर सोपवलं होतं. वर, 'कोणीतरी माझे टाके बदलतं' म्हणत चार दिवस कुणाला दुकानाची पायरी चढू दिली नाही. दवाखाना, गोळ्या, गिऱ्हाइकांची बोलणी, सगळं निस्तरताना माझ्या नाकी नऊ आले.

काल म्हणाले, "हा कोट तिला सांभाळेल बघ."

मी लगेच विचारलं, "सांभाळेल म्हणजे?"

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "म्हणजे थंडी वाजणार नाही. झालो का पास?"

मी हसले, पण जीव थाऱ्यावर नव्हता. लेकीला सांगावं तर तिनं नोकरीवर पाणी सोडलं असतं. मागच्या खेपेला कॉलेज सोडून वर्षभर घरी बसली होती.

आज सकाळी हे आंघोळीला गेले तशी मी कोटाचं अस्तर वीतभर उसवलं. आत हात घालून चाचपलं. काही नव्हतं. घाईघाईनं पुन्हा शिवून टाकलं.

निघताना लेकीनं कोट घातला. यांनी कडेवरून बोट फिरवलं आणि थांबले.

"हा टाका माझा नाही. कोणीतरी कोट उसवलाय."

लेकीचा चेहरा उतरला. तिनं बॅग खाली ठेवली. "आई, मी नाही जात."

हे तिच्याकडे बघत राहिले. मग बोट काढून घेत पुटपुटले, "माझाच असेल. भास झाला असेल मला."

ते मात्र मला सहन झालं नाही.

"मी उसवला," मी म्हणाले. "चिठ्ठ्या शोधत होते." लाजेनं मान वर होईना.

यांनी लेकीच्या अंगावरचा कोट उतरवला, सुई घेऊन बसले आणि माझे टाके एकेक करून काढले.

"सापडलं काही?"

"नाही."

"इतकी वर्षं शिंप्याच्या घरात काढलीस, टाके मात्र लांबच घालतेस."

लेक हसली. तिनं बॅग उचलली.

तिला गाडीत बसवून आम्ही परत निघालो. वाटेत हे गुणगुणायला लागले. बापाचं मन हलकं झालं असेल, दुसरं काय. मी फार दमले होते. तरी कान देऊन ऐकत राहिले, लय कालच्यापेक्षा जलद तर नाही ना.