फोडणी कुठवर उडते

दवनीवाड्याच्या डोमनलाल पटल्यांना आपल्या धानाच्या बांध्यांची नस न् नस ठाऊक. कोणत्या बांधीत पाणी थांबतं, कोणत्या धुऱ्याला खेकड्यानं भोक पाडलंय, हे ते खाटेवर पडल्या पडल्या सांगतील. पण घरातल्या रांधणखोलीबद्दल विचाराल, तर माणूस परगावचा. जेवायचं ओसरीत, ताट आतून यायचं, रिकामं ताट आत जायचं. आत काय चालतं, ते बायकोचं, कुंताचं राज्य.

ती कुंता तीन वर्षांमागे नागपूरला लेकाकडे गेली. सुनेचं बाळंतपण होतं, सव्वा महिन्याचा वायदा होता. नात आता बालवाडीत जाऊ लागली होती, आणि वायदा अजून तिथंच. डोमनलाल फोनवर विचारत, "कवा येतेस?" ती एखादं कारण सांगे. धुरानं डोळे चुरचुरतात. यांनी गॅस आणला. बसून रांधवत नाही. यांनी ओटा बांधला. सारवायला वाकवत नाही. आता फरशी. कारणं संपली की बाई येणार, असा त्यांचा सरळ हिशोब. निंदण उपटावं तसं एकेक कारण उपटत ते बांधीच्या शेवटच्या कोपऱ्यात पोचले होते.

तोवर जेवण धाकट्या भावाच्या, चुन्नीलालच्या ओसरीत. भावाची बायको रांधणारी उत्तम, पण भासऱ्यापुढं, म्हणजे थोरल्या दिरापुढं, येणार नाही, बोलणार नाही, आणि यांनीही बोलायचं नाही, ही घराण्याची रीत. दाराआडून एक हात येई आणि ताट सरकवून जाई. चुन्नीलाल शेतात असला, तर मीठ कमी आहे हे सांगायचं कुणाला? डोमनलाल अळणी वरण मुकाट्यानं संपवत. दाराआडचा हात समजे, जेठजींना आवडलं, आणि दुसऱ्या दिवशी तस्संच करी.

गोंदियात मुन्नालालचं टाइल्सचं दुकान. भिंतीला लावून उभ्या केलेल्या फरश्या ट्यूबलाइटखाली नवरदेवासारख्या चमकत होत्या. डोमनलाल सुतळीला गाठी मारून माप घेऊन आले होते.

"ये तो फर्श का हुआ काका. दीवार का माप?"

"दिवालीले फरशी कायले? दिवालीवर कोन चालते?"

मुन्नालाल हसला. "चलता कोई नहीं, उड़ता है. तेल, हल्दी. काकी तड़का किधर लगाती है, ये बताओ. वहीं टाइल चढ़ाएँगे."

डोमनलाल हातातल्या सुतळीच्या गाठी चाचपू लागले. चाळीस वर्षं त्या फोडणीचा वास ओसरीत बसून घेतला, ती उडते कुठवर, हे कधी पाहिलं नव्हतं.

"और काकी बाएँ हाथ की तो नहीं?"

"नाही... उजवीच असन."

"असन?" मुन्नालालनं भुवया चढवल्या. "शादी को कितने साल हुए, काका?"

डोमनलालांनी विषय बदलला. द्राक्षं, नासपती आणि किटली छापलेली एक पांढरीशुभ्र टाइल त्यांनी हातात घेतली. लग्नपत्रिकेइतकी रंगीत होती, म्हणजे त्यांच्या मते झकास. कुंता दारातून आत येईल, ही द्राक्षं पाहील आणि तोंडाला पदर लावून हसेल, इथवर त्यांचं मनात मांडून झालं होतं. तरी विचारलेलं बरं म्हणून त्यांनी मोबाईल लावला.

"फरशी घेऊन राहिलो. कोनता रंग घेऊ?"

"घ्या ना जी कोनताबी." मागं कुकरची शिट्टी झाली.

"पांढरी हाय. फळं हायेत त्याच्यावर. मस्त दिसते."

"पांढरी नोको घेजा. हळद पडली का निंघत नाही. तुमच्यानं पुसनं होनार नाही."

"माह्यानं?"

"मंग कोनाच्यानं?"

ती रागावली नव्हती, टोमणाही नव्हता. भाजीत मीठ किती, ते सांगावं तशा सुरात बोलली. वर म्हणाली, "खरबडी घेजा, पाय घसरन नाहीतर. थांबा, पोरीचा ऑटो आला." फोन बंद.

डोमनलाल फोन कानाला तसाच धरून उभे राहिले. शेवटचं कारण उपटलं, तर खाली मुळी नव्हतीच. धूर, गुडघे, सारवण, हे सगळं तिनं त्यांना वाईट वाटू नये म्हणून सांगितलं होतं. बाई यायची नव्हती. आणि ते तिला ठाऊक होतं, बहुतेक चुन्नीलालच्या घरात दाराआडच्या हातालाही ठाऊक होतं. राहिले होते ते एकटे डोमनलाल.

"क्या बोली काकी?"

"पसंत हाय म्हनली. पन ही नाही." त्यांनी फळांची टाइल जपून जागेवर ठेवली. कोपऱ्यातली मातकट, खरबडीत फरशी बोटानं चाचपली, खिशातून तंबाखूची पुडी काढून चिमूटभर तिच्यावर टाकली, पंजानं झटकली. डाग दिसेना. "ही दे. खालीबी, दिवालीलेबी."

"यही? ये तो गोदाम में लगती है, काका. और दीवार पर कितनी ऊपर तक?"

डोमनलाल दुकानाच्या टेबलापुढं ओट्याशी उभं राहावं तसे उभे राहिले. डाव्या हातानं नसलेल्या कढईचा कान धरला, उजव्यानं नसलेली मोहरी टाकली, आणि अंग चटकन मागं घेतलं. मुन्नालाल टेप घेऊन बघत राहिला.

"येथवर," ते म्हणाले, आणि हात आपल्या कपाळाच्या रेषेत धरला.

"इतनी ऊपर? काकी इतनी लंबी है क्या?"

कुंता त्यांच्या खांद्यालाही लागत नव्हती.

"हाव," डोमनलाल म्हणाले, "उंच हाय. लाव तेथवर."