भिंतीला लागून पिंजरा

प्राण्यांच्या दुकानात लेकीने काचेचं गोल भांडं दोन्ही हातांनी उचललं आणि मिस्त्रींच्या नाकासमोर धरलं. आतला लाल मासा वळला, पुन्हा वळला.

"हा बघा, बाबा. चिमूटभर खाणं टाकायचं, अधूनमधून पाणी बदलायचं. ना वास, ना आवाज, ना कटकट."

"आवाज अजिबात नाही?"

"माशाला कसला आलाय आवाज?"

"मग नको," मिस्त्री म्हणाले आणि उजवा हात खिशात आणखी खोल घातला.

कासवाचीही अशीच बोळवण झाली होती. लेक आता वैतागायच्या बेतात होती. नव्या नोकरीसाठी ती लवकरच विमानाने जावं लागेल इतक्या लांब जाणार होती, आणि मागे एकट्या राहणाऱ्या बापाला काहीतरी सोबत हवी, पण त्या सोबतीची उठबस मात्र नको, हे तिने डोक्यात घेतलं होतं. मिस्त्रींनी आधी ते हसण्यावारी नेलं. या आठवड्यात मात्र त्यांनीच आठवण करून दिली, "अगं, त्या प्राण्याचं काय झालं?"

झालं होतं ते असं, की बाथरूममध्ये त्यांचा पाय सटकला होता. मनगट नळावर आपटलं, कमरेतून कळ गेली आणि उठताच येईना. हाका मारून मारून घसा बसला. बाथरूम घराच्या पार टोकाला, दाराला आतून कडी. बाहेरच्या खोलीत फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. अडकलेल्या लिफ्टमधून माणसं सोडवण्यात ज्यांचं आयुष्य गेलं, त्या मिस्त्रींना ओल्या फरशीवर पडल्या पडल्या एकच गोष्ट सुचत होती. आपण अडकलोय हे कोणाला माहीतच नाही, तर सोडवायला येणार कोण? संध्याकाळी कसेबसे भिंतीला धरून ते उठले आणि लेकीला फोन करून "डोळा लागला होता" म्हणाले. खरं कळलं असतं तर तिने नोकरीवर पाणी सोडलं असतं.  तेव्हापासून आंघोळीला जाताना कडी लावणं त्यांनी सोडून दिलं होतं.

दुकानाच्या मालकिणीने मागे कुठेतरी गवताची पिशवी उघडली. त्याबरोबर कोपऱ्यातून शिट्ट्या सुरू झाल्या, उंच, चिरक्या, दम न खाता.

"हे कोण?" मिस्त्रींनी मान वळवली.

"गिनीपिग, काका. पिशवी वाजली की त्यांना वाटतं जेवण आलं. पण तुम्ही त्यांच्या नादाला लागू नका. खायला उशीर झाला की घर डोक्यावर घेतात. शिवाय एकटं ठेवलं तर खंगतात, जोडीच न्यावी लागते."

"उशीर झाला तर किती वेळ ओरडतात?"

"मिळेपर्यंत. थांबून थांबून, पण ओरडतात."

मिस्त्री दुकानाबाहेर गेले. काचेचं दार त्यांनी नीट लावून घेतलं, शेजारच्या दुकानाच्या पायरीपर्यंत गेले आणि तिथून हात वर करून बोटं हलवली.

"काकांना काय हवंय?" मालकिणीने गोंधळून विचारलं.

लेकीला ती खूण माहीत होती: वाजव, मी बाहेरून ऐकतो. शाळेच्या सुट्टीत ती बाबांबरोबर कामावर जायची. लिफ्ट दुरुस्त झाली की बाबा आत दार बंद करून घ्यायचे आणि धोक्याची घंटी दाबायचे. ती खाली उभी राहून ऐकायची आणि जोरात "हो" म्हणायची. घंटी ऐकू येते की नाही हे आतल्या माणसाने ठरवायचं नाही, असा त्यांचा दंडक होता. बाहेरून "हो" आल्याशिवाय ते काम पुरं झालं म्हणत नसत.

तिने पिशवी घेतली आणि हलवली.

मिस्त्री आत आले तेव्हा त्यांचा चेहरा जरा सैलावला होता. "जोडी बांधून द्या," ते म्हणाले.

"बाबा, कुरकुऱ्या भिंत फोडेल."

"फोडू दे की," मिस्त्री घाईने म्हणाले.

कुरकुऱ्या म्हणजे पलीकडच्या घरातला शिंपी. रेडिओ जरा मोठा झाला की भिंतीवर बुक्की आलीच म्हणून समजा. इतक्या वर्षांच्या शेजारात या दोघांनी एकमेकांना कसे आहात म्हणून विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर लेकीने पिंजरा खिडकीखाली उजेडात ठेवला. मिस्त्रींनी तो तिथून सरकवत नेला आणि कुरकुऱ्याच्या भिंतीला अगदी चिकटवून लावला. सरकवताना बाही वर गेली. मनगटावरचा डाग आता कडेने पिवळा पडला होता.

लेक त्या डागाकडे बघत राहिली. मग भिंतीकडे. मग तिने पायात चपला अडकवल्या आणि ती बाहेर गेली.

पलीकडची बेल वाजली. दार उघडलं, काहीतरी पुटपुटणं झालं. मग सगळं शांत.

मिस्त्रींनी भिंतीवरून हात फिरवला. नाहीच ऐकू गेलं तर? भिंत जुनी, जाडजूड. त्यांनी दुकानातून आणलेली गवताची पिशवी हातात घेतली आणि हलवली.  दोन्ही गिनीपिग एकदम ओरडायला लागले.

पलीकडून काहीच आलं नाही. मिस्त्रींनी भिंतीला कान लावला.

धाड धाड, दोन बुक्क्या बसल्या. आणि त्यांच्यामागून, बारीक पण स्पष्ट, लेकीचं "हो."

मिस्त्री तिथेच खाली बसले. लेक परत आली, पण आत आली नाही. चपला पायात तशाच ठेवून उंबऱ्याशी उभी राहिली.

"कधी पडलात?"

त्यांनी पिंजऱ्यात गवताची एक काडी सरकवली, मग दुसरी.

"गुरुवारी," ते म्हणाले. "तुझा फोन वाजत होता ना, तेव्हा. ऐकत होतो मी."